सुरमा, शियाफ आणि आय क्रीम

'अल्कोहोल' हा शब्द 'अल-कुहल' म्हणजे सुरम्यावरून आला, असे सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो. दारूला सुरम्याचे नाव कसे? अरबीत कुहल म्हणजे डोळ्यात घालायची अतिशय बारीक पूड. हा शब्द युरोपात गेला तो आधी कोणत्याही तलम पुडीसाठी, मग कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध अर्कासाठी वापरला जाऊ लागला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो वाइनच्या अर्काला लावला. पुढे वाइन मागे पडली आणि अल्कोहोल तेवढे उरले. सुरम्याचे नाव बाटलीवर गेले, ते असे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांचा माग काढण्याची सवय आहे. या वेळी निमित्त झाले ते स्टाफरूममधल्या एका डबीचे. एका सहकारी बाईंनी आय क्रीम आणले होते. डबी पंधरा मिलीची, किंमत महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करणारी. त्यावरचा दावा असा की, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सकाळची सूज 'कमी दिसते'. 'कमी होते' असे लिहिलेले नव्हते, 'कमी दिसते' असे होते. या एका क्रियापदाने मला सुरम्याच्या इतिहासाकडे नेले. कारण डोळ्याला आणि डोळ्याभोवती जे काही लावले जाते ते औषध की शृंगार, हा वाद किमान चार हजार वर्षांचा आहे आणि आपल्या मुस्लिम इतिहासात त्याला एक फार महत्त्वाचे वळण मिळाले आहे. त्या वळणाचा आपल्याला विसर पडला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात इजिप्तपासून करावी लागते. तिथे दोन रंग होते, मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा आणि गॅलेनाचा काळा. गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज. तांबड्या समुद्राच्या काठी गेबेल झैत येथे त्याच्या खाणी होत्या. बेनी हसन येथे ख्नुमहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, सुमारे 3900 वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर पूर्वेकडून आलेल्या लोकांचा एक तांडा रंगवलेला आहे, आणि सोबतच्या लेखात म्हटले आहे की हे 37 जण डोळ्यांचा काळा रंग घेऊन आले. गाढवांवर सामान, सोबत बायकामुले. सुरम्याच्या व्यापाराचे इतके जुने आणि इतके जिवंत चित्र दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तच्या कबरींमधून निघालेल्या सुरमादान्या आहेत, काहींमध्ये पूड अजून शिल्लक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ती तपासली आणि 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुडीत गॅलेना होतेच, पण शिशाचे असे दोन क्षारही होते जे निसर्गात सहजी सापडत नाहीत. म्हणजे ते मुद्दाम, मीठ आणि पाणी वापरून, दिवसेंदिवस खपून तयार केले होते. 2010 साली त्याच गटाने दाखवले की अशा क्षाराची अगदी अल्प मात्रा त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करायला लावते आणि त्यातून शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जागी होऊ शकते. बातमी आली आणि आपल्याकडे लगेच 'सुरम्याला विज्ञानाची मान्यता' असे संदेश फिरू लागले. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, रोज सुरमा घालणाऱ्या माणसांवर नव्हता, हे मात्र त्या संदेशांत कुणी लिहिले नाही.

ग्रीक आणि रोमन लोकांनी यात भर घातली ती वड्यांची. औषधे कुटून, डिंकात मळून त्यांच्या लहान कांड्या वाळवायच्या आणि लागेल तेव्हा पाण्यात किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकात उगाळून लावायच्या. रोमन नेत्रवैद्य या कांड्या ओल्या असताना त्यांवर दगडी शिक्का उठवत. शिक्क्यावर वैद्याचे नाव, औषधाचे नाव आणि ते कशासाठी आहे ते कोरलेले असे. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन या भागांत असे सुमारे 300 शिक्के सापडले आहेत. डोळ्याच्या औषधावरचे हे जगातले पहिले लेबल म्हणायला हरकत नाही. लेबल आले तशी नक्कलही आली असणारच.

ग्रीकांची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या रोगनिदानाच्या ग्रंथात गंभीर आजाऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन आहे. त्यात खोल गेलेले डोळे हे एक लक्षण. पण ग्रंथकार वैद्याला तिथेच थांबवतो. असा चेहरा दिसला तर घाबरण्याआधी विचारा, रात्री झोप झाली नव्हती का, जुलाब होत होते का, पोटात अन्न होते का? यातले काही असेल तर धोका कमी समजा. म्हणजे डोळ्याभोवतीची जागा ही सजवण्याची नव्हे, तर वाचण्याची जागा होती. हा ग्रंथ बगदादमध्ये अरबीत आला आणि पुढची कित्येक शतके हकिमांच्या अभ्यासात राहिला.

आता अरबस्तानाकडे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी इस्मिद नावाच्या सुरम्याची शिफारस केल्याच्या हदीस तिरमिजी, अबू दाऊद, इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहेत. नजर स्वच्छ होते आणि पापण्यांचे केस वाढतात, असा त्यांचा आशय. आपल्या घरांत एवढे सगळ्यांना पाठ असते. पण औषध आणि शृंगार यांची सीमा ज्यात स्पष्ट दिसते ती हदीस फारशी सांगितली जात नाही. ती आहे हजरत उम्मे सलमा (र.) यांची. त्यांचे पहिले पती अबू सलमा यांचे निधन झाले होते आणि त्या इद्दतीत होत्या. त्यांनी डोळ्यांना कोरफडीचा एलिया, ज्याला अरबीत 'सब्र' म्हणतात, लावला होता. प्रेषितांनी विचारले, हे काय? त्या म्हणाल्या, हे फक्त एलिया आहे, त्यात सुगंध नाही. त्यावर उत्तर मिळाले की याने चेहरा उजळतो, म्हणून रात्री लावा आणि दिवसा पुसून टाका. ही रिवायत अबू दाऊद आणि नसई यांच्याकडे येते. काही मुहद्दिस तिची सनद कमजोर मानतात, पण फिक्हच्या चर्चेत ती सतत येत राहिली. दुखणाऱ्या डोळ्याला उपचार हवा आणि शोकाच्या काळात शृंगार नको. वस्तू एकच, तिचे काम दोन, म्हणून वेळ ठरवून दिली. आजच्या रात्रीच्या आय क्रीमची आठवण झाली तर ती तुमची चूक नाही.

सनदेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आशुऱ्याच्या दिवशी सुरमा घातला की वर्षभर डोळे येत नाहीत, ही रिवायत आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. बाराव्या शतकात बगदादच्या इब्नुल जौझी यांनी ती बनावट रिवायतींच्या यादीत टाकली. म्हणजे सुरम्याबद्दलचे प्रत्येक वाक्य तपासून घेण्याची परंपराही आपलीच आहे.

ही तपासणी वैद्यकात कशी उतरली ते पाहू. अरबीत डोळ्यांच्या वैद्याला 'कह्हाल' म्हणत, म्हणजे शब्दशः सुरमावाला. साध्या सुरमा घालणाऱ्यापासून या माणसाने कुठवर मजल मारली ते थक्क करणारे आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (808–873) यांनी डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. हुनैन ख्रिस्ती होते आणि खलिफांच्या दरबारात त्यांना मोठा मान होता. त्याच शहरात बर्मकी वजिरांनी सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर करून घेतले होते. सुश्रुताने डोळ्याचे 76 रोग मोजले आहेत, त्यांतले 21 केवळ पापण्यांचे. पुढे अली इब्न ईसा या बगदादच्या कह्हालने आपल्या 'तज़किरतुल कह्हालीन' या ग्रंथात 130 रोगांचे वर्णन केले. मोसुलचा अम्मार इब्न अली इजिप्तमध्ये गेला आणि पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत त्याने लिहून ठेवली. 1087 साली जुर्जानचे 'ज़र्रीनदस्त', म्हणजे सोनेरी हाताचे म्हणून ओळखले जाणारे कह्हाल फारसीत 'नूरुल उयून' लिहीत होते. रोमनांच्या त्या कांड्या यांच्याकडे 'शियाफ' झाल्या. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेले गॅलेनचे थंड मलम यांच्याकडे 'कैरूती' झाले. कैरूती हा शब्द यूनानी दवाखान्यात आजही ऐकू येतो. आणि आजचे आय क्रीम काय आहे? तेल आणि पाणी एकजीव केलेली, जरा सभ्य वासाची कैरूतीच.

शृंगारालाही यांनी दाराबाहेर ठेवले नाही. कॉर्डोव्हाचे अबुल कासिम ज़हरावी (936–1013) शल्यचिकित्सेसाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या तीस भागांच्या 'तसरीफ' या ग्रंथातला एक पूर्ण भाग सौंदर्यप्रसाधनांना दिलेला आहे. त्यांच्या लेखी ती वैद्यकाचीच एक शाखा होती. शाखा म्हटल्यावर तिला वैद्यकाचे नियम लागू होतात.

हे नियम बाजारात कोण पाळायला लावणार? इथे ते वळण येते. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजनमापे, दुधातले पाणी, पिठातली भेसळ, सगळे त्याच्या अखत्यारीत. बाराव्या शतकात, सलाहुद्दीन अय्यूबीच्या काळात, सीरियातील अब्दुर्रहमान शैज़री यांनी मुहतसिबासाठी एक मार्गदर्शक लिहिला. त्यात हकिमांबरोबर कह्हालांचाही विचार आहे. शैज़री सांगतात की मुहतसिबाने कह्हालची परीक्षा हुनैनच्या त्या दहा प्रकरणांवर घ्यावी. डोळ्याचे सात पडदे, तीन द्रव, त्यांचे रोग आणि सुरमे-मलमे बनवण्याची रीत ज्याला येते, त्यालाच लोकांचे डोळे हाताळण्याची परवानगी द्यावी. म्हणजे मुस्लिम शहरातल्या कह्हालचा अभ्यासक्रम एका ख्रिस्ती विद्वानाच्या पुस्तकावर ठरत होता आणि त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते.

त्यानंतर शैज़री रस्त्यावरच्या कह्हालांकडे वळतात आणि त्यांचा सूर बदलतो. यांच्यातल्या बहुतेकांवर विश्वास ठेवू नये, असे ते स्पष्ट लिहितात. हे लोक स्टार्च आणि डिंकाच्या कांड्या करतात आणि वेगवेगळे रंग देऊन वेगवेगळी औषधे म्हणून विकतात. लाल रंगासाठी शेंदूर, म्हणजे शिसेच. पिवळ्यासाठी केशर, हिरव्यासाठी हळद आणि नीळ. हिरडा जाळून आणि मिरी घालून सुरमा करतात. फसवणुकीचे प्रकार मोजून संपणार नाहीत, म्हणून मुहतसिबाने त्यांच्याकडून निदान शपथ तरी घ्यावी, कारण त्यांना रस्त्यावर बसण्यापासून तो पूर्ण रोखू शकत नाही. आठशे वर्षांपूर्वीचा हा सरकारी थकवा वाचताना मला हसू आले. आजच्या अन्न आणि औषध प्रशासनातला एखादा निरीक्षक हेच बोलला असता.

आपला वारसा म्हणून मिरवायचे असेल तर मला ही परीक्षा मिरवायची आहे. आपण मात्र सुरमा मिरवतो आणि परीक्षा विसरतो.

परीक्षा आज का हवी, ते इस्मिदच्या प्रश्नातून कळते. इस्मिद म्हणजे नक्की कोणता दगड? पुस्तकांत त्याचा अर्थ अँटिमनी असा दिला जातो. अँटिमनीचे खनिज स्टिब्नाइट आणि शिशाचे खनिज गॅलेना, दोन्ही करडे, चमकदार, दळले की काळे. प्राचीन इजिप्तच्या पुडीत बहुतेक ठिकाणी गॅलेनाच निघाले आहे. ओमानसह आखातातल्या बाजारांतून अलीकडच्या काळात घेतलेल्या सुरम्यांच्या तपासणीतही अनेक नमुन्यांचा मुख्य घटक गॅलेना निघाला. म्हणजे डबीवर इस्मिद लिहिले आहे म्हणून आत अँटिमनी आहे असे होत नाही, आणि अँटिमनी असले तरी ते निर्धोक ठरत नाही. कोह-ए-तूरचा डोंगर तजल्लीने जळाला आणि त्याचा सुरमा झाला, ही लोककथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. कथा सुंदर आहे. प्रयोगशाळेत मात्र तूरचा दगड आणि गॅलेनाचा दगड एकाच यंत्राखाली जातात.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांना हे 1960 आणि 70 च्या दशकांत लक्षात आले. भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडू लागले आणि शोध घेता घेता ते घरातल्या सुरमादानीपर्यंत पोहोचले. सुरमा डोळ्यातच राहत नाही. तो अश्रूंबरोबर नाकात आणि घशात उतरतो, मूल डोळे चोळते आणि बोटे तोंडात घालते. पोटातल्या आम्लात गॅलेना विरघळते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फारसी आणि उर्दू शायरीत सुरमा खाल्ल्याने आवाज बसतो असा एक जुना संकेत आहे. शायरांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण सुरमा पोटात जाणे बरे नव्हे हे कुणाला तरी अनुभवाने कळले असावे.

आपल्या मराठी घरांत दुसरी परंपरा आहे ती काजळाची. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा, त्यावर पालथे धरलेले तांब्याचे भांडे, जमलेली काजळी तुपात कालवायची. बाळाच्या गालाला तीट, डोळ्यात काजळ. हे शेजारच्या काकूंकडेही होते आणि आमच्या दादीकडेही. काजळ दगडाचे नसते, काजळीचे असते, त्यामुळे शिशाचा प्रश्न घरगुती काजळात तसा येत नाही. तरी बोटाने तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काहीही घालू नका असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते जंतूंमुळे. 'डोळ्यात अंजन घालणे' याचा मराठीत अर्थ डोळे उघडणे असा होतो. अंजनाबद्दल डोळे उघडायला मात्र डॉक्टर लागतो.

आणि ती पंधरा मिलीची डबी? पापणीखालची त्वचा शरीरात सर्वांत पातळ. तिच्यातून खालच्या रक्तवाहिन्यांचा निळसरपणा दिसतो. आपल्याकडच्या अनेकांमध्ये तिथे रंगद्रव्यही अधिक असते, ते आईवडिलांकडून येते. वय वाढले की गाल आणि पापणी यांच्यामध्ये खळगा पडतो आणि त्याची सावली वर्तुळासारखी भासते. रात्रभर आडवे राहिल्याने, खारट खाल्ल्याने, रडल्याने तिथे पाणी साठते, म्हणून सकाळची सूज. कॅफिन असलेले क्रीम रक्तवाहिन्या थोडा वेळ आकुंचित करते, थंड चमचाही तेवढेच करतो. रेटिनॉल महिनोन्‌महिने लावले तर बारीक सुरकुत्यांत थोडा फरक पडतो. खळग्याची सावली आणि आईकडून आलेला रंग कोणत्याही डबीने पुसला जात नाही. 'कमी दिसते' हे क्रियापद म्हणून प्रामाणिकच आहे. भारतीय कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे रूप बदलणारी वस्तू, रोग बरा करणारी नव्हे. 'बरे होते' म्हटले की ते औषध झाले आणि मग परीक्षा द्यावी लागते.

काळजी त्या महागड्या डबीची नाहीच. काळजी आहे ती कसलेच लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमची, जी डोळ्यांखालचा काळेपणा घालवायला म्हणून आपल्या मुली लावतात. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. 2023 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसले आणि धागा गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचला. या आजारात लघवीतून प्रथिने जातात आणि शरीरात पाणी साठते. ते बहुधा आधी दिसते पायांवर आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती. वर्तुळे घालवायला लावलेले क्रीम डोळ्यांभोवती सूज आणते. हिपोक्रेटिसचा तो जुना प्रश्न अशा वेळी कुणीतरी विचारायला हवा. झोप कशी आहे, पोटात काय आहे, आणि आता तिसरा, तोंडाला काय लावतेस?

गेल्या रमज़ानमध्ये मोहंमद अली रोडवर अत्तर आणि सुरम्याच्या एका दुकानात मी इस्मिदची डबी हातात घेतली. दुकानदार चाचांनी सांगितले, "बेटी, असली है, मदीने से आया है." मी विचारले, "चचा, इस में सीसा तो नहीं?" त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डबी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. एका बाजूला मस्जिद-ए-नबवीचे चित्र होते, दुसऱ्या बाजूला हदीसचा तर्जुमा. घटकांची यादी कुठेच नव्हती.